ऑर्विल कुणाकडे जेवला?

कॉलेजच्या फुटबॉल मैदानाला आज जुना खेळाडू ऑर्विल याचं नाव द्यायचं होतं. फाटकापाशी लांब रांग होती. टोपी डोळ्यांवर ओढलेल्या एका म्हाताऱ्याच्या पुढे दोन शेजारणी भांडत होत्या.

“कॉलेजच्या संघातला पहिला काळा पोरगा! सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलवाल्याने गोऱ्यांना खोल्या दिल्या आणि त्याला दारातूनच हाकललं. तेव्हा तो आमच्याकडे जेवला, अर्लीन. आईने मासे तळले होते.”

“काहीतरीच काय, वर्डेल! तो आमच्याकडे जेवला. कोंबडी आणि मक्याची भाकरी.”

“तुझ्या आईची भाकरी? कुत्रंसुद्धा हुंगून पुढे जायचं!”

“आईवर जाऊ नकोस हं! तीच भाकरी खाऊन तो दुसऱ्या दिवशी मैदानभर धावला.”

“मध्यंतरापर्यंत कुठे धावला? नुसता डुलत होता!”

अर्लीन मागच्या म्हाताऱ्याकडे वळली. “अहो दादा, तुम्हीच सांगा. सामन्याच्या आदल्या दिवशी खेळाडू मासे खाईल की कोंबडी?”

“दोन्ही खाल्लं, पोरींनो. वर पाद्रीणबाईंनी रताळी वाढली. तुमच्या गल्लीत पुढे आलेलं ताट नाही म्हणायची कुणाची छाती होती? म्हणून तर मध्यंतरापर्यंत पाय उचलेना.”

वर्डेलने हात लांबवून त्याची टोपी वर केली.

“अगंबाई! ऑर्विलदादा!”

आणि दोघी एकदमच ओरडल्या, “आज जेवायला आमच्याकडे!”