मिस बेरिलच्या गल्लीत मुलं नव्हती

आजच्या सभेच्या अध्यक्ष, नगरसेविका श्रीमती पोला माव्रोस. व्यासपीठावरचे पाहुणे, जिल्हा क्रीडा संघाचे श्री. टेरेन्स ओडली, सत्कारमूर्ती मिस बेरिल हॅनाफर्ड, आणि मुलांना बाहेर अंगणात खेळायला सोडून इथे बसलेल्या वॉरिंगलच्या पालकांनो,

मला भाषणाची सवय नाही. अकरा वर्षांची होईपर्यंत मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, आईपाशीच शिकले. घराबाहेरच्या माझ्या पहिल्या बाई म्हणजे मिस बेरिल. कारखान्यांच्या गल्लीतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पहिली कोलांटी मारली आणि पुढे तिथेच मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवू लागले.

ती शेड उद्या रिकामी होणार. का, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी सांगते, कारण बाहेर ते चुकीचं सांगितलं जातं.

शेजारच्या शेडमध्ये वेश्यागृह काढायचा अर्ज आला. इथल्या कायद्याने धंदा कायदेशीर, जागा कारखान्यांच्या भागातली. अट एकच, मुलांचा वावर असलेल्या जागेजवळ तो नसावा. मग आमच्याजवळ कसा चालेल? नगरपरिषदेने नकार दिला. अर्जदार न्यायालयात गेले आणि निकाल देणारे न्यायालयाचे आयुक्त स्वतः जागा पाहायला येणार असं ठरलं.

परिषदेचे वकील आदल्या दिवशी शेडवर आले. "बेरिल, उद्या मुलांना गल्लीत खेळू दे. साहेबांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

"आणि पोरांनी विचारलं, हे टायवाले काका कशाला आलेत, तर?"

"सांग, जागा बघायला."

"कसली जागा, ते तू सांग. आधी तुझ्या लेकीला सांगून ये, मग माझ्या पोरांना सांग."

वकील हसले, पण जाताना म्हणाले, "तू फार हट्टी आहेस गं."

मिस बेरिलनी त्या संध्याकाळी घरोघरी फोन केले, उद्या वर्ग नाही. सकाळी गल्ली झाडली. पाहुणे येणार, तेही न्यायालयाचे! भिंतीला टेकवलेल्या छोट्या सायकली आत नेल्या. फरशीवर मुलांनी खडूने आखलेले लंगडीचे चौकोन पाइप लावून धुऊन काढले. आपल्याकडे कुणी येणार म्हटलं की आपण सगळेच असं करतो, नाही का?

आयुक्त आले, गल्लीत उभे राहिले. निकालात त्यांनी लिहिलं की शेडमध्ये वर्ग भरतात असं सांगितलं गेलं, पण भेटीच्या वेळी गल्लीत मुलांच्या वावराची खूण आढळली नाही. त्यांना दोष देता येत नाही. दिसलं तेच त्यांनी लिहिलं. परवानगी मिळाली.

त्यानंतर सगळ्यांनी मुलं काढून घेतली. नाही, सगळ्यांनी म्हणणं बरोबर होणार नाही. दोन घरं शेवटपर्यंत येत होती. पण दोन मुलांवर शेडचं भाडं निघत नाही. "म्हातारीनेच घालवलं," असं फाटकाशी बोललं गेलं. मिस बेरिलनी ते ऐकलं. त्या गाद्यांची धूळ झटकत राहिल्या.

पालकहो, त्यांनी खटला घालवला असेल. पण त्या सकाळी तुमच्या मुलाला कुणी पुराव्यासारखं उभं केलं नाही. ते त्यांनी एकटीने अडवलं आणि त्याची किंमतही एकटीनेच दिली.

एक प्रसंग सांगून थांबते. शेजारची जागा उघडायच्या आधी तिथल्या मालकीण, श्रीमती गेल, केक घेऊन आल्या. दारातच अवघडून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आम्ही उशिराच उघडू. तुमची पोरं घरी गेल्यावर. माझ्याकडे काम करणाऱ्या बायकांनाच पोरांसमोर नको वाटतं, त्यांनाही पोरं आहेत."

मिस बेरिलनी केक हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ती कधीच घरी गेली."

अध्यक्षबाई, तुम्ही हे सभागृह दिलंत, ओडलीसाहेब, तुम्ही एवढ्या लांबून आलात, मनापासून आभार. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला एखादा शब्द लागला असेल, तर लहान समजून पोटात घाला. फक्त एक विनंती. निघताना मुलांना घाईघाईने गाडीत बसवू नका. मिस बेरिलना त्यांच्याकडे एकदा डोळे भरून पाहू द्या.