जित्या मानसाईची भिंत

माह्यं नाव कमला. माहेर तिवश्याकडचं, मोठ्या रोडपासून दोन कोस आत, अन् सासर हे असं तेल्हाऱ्याजवळ, म्हंजे पाहा, अमरावती जिल्ह्यातली पोरगी उपटली अन् अकोला जिल्ह्यात आनून लावली, वांग्याचं रोप लावते तशी. सातवीपर्यंत शिकली मी. शाळेत शिवनाच्या एक बाई होत्या, त्यायनं मले भरतकाम शिकवलं, मॅटीच्या कापडावर पोपट, आंब्याच्या फांदीवर बसेल, चोच लाल, डोळा काळा. तवा पोरगी पाहाले आले की पोरीचं भरतकाम दाखवाची पद्धत होती, तं मायनं तो पोपट पाहुन्याईपुढं ठेवला अन् मी पसंत पडली. पोपटानं पसंत पडली का माह्या तोंडानं, ते काही मले आजवर समजलं नाई. लग्न झाल्यावर तो पोपट पेटीत गेला तो गेला, तीस वर्सं तिथंच.

आता तुमी भिंतीचं लिहाले आल्या तं पहिले घराचं सांगतो तुमाले. आमच्याकडं जमीन काळी अन् पानी खारं, त्या दोघाईनं मिळून घर खाल्लं म्हना. उन्हाळ्यात जमीन फाटली की भिंतीले भेगा पडते, अन् पावसाळ्यात खालून लोना, म्हंजे मिठाचा ओलावा, चढते, चुना फुगते अन् पापडावानी गळून पडते. ही समोरची भिंत, दार उघडलं की पहिले दिसते ती, सगळ्यात बेकार. तिच्यावर एक खिळा अन् खिळ्यावर बियान्याच्या दुकानाचं कॅलेंडर, बस्स. खाली कापूस भरेल. पहिले घरात कापूस दिसला की सोयरे म्हनत बरं चाल्लं यायचं, पन ते दिवस गेले. भाव पडले, अळी आली, रोज पेपरात कोन्या ना कोन्या शेतकऱ्याची बातमी, अन् पोरीईचे बाप चक्क तोंडावर म्हनत, चपराशी चालन पन शेतकरी नको. एकेका गल्लीत दोन-दोन, तीन-तीन पोट्टे बिनलग्नाचे बसले. त्यात आमचा गजानन. एकुलता, कष्टाळू, सुपारीचं खांडही तोंडात नाई, पन शेतकरी. तिशीले आला होता तो.

तीन ठिकानचे येऊन गेले. तिसऱ्या वेळी पोरीची मावशी होती सोबत, तिनं दारातूनच सगळं घर पाहून घेतलं, अन् मी चहा गाळून राहिली होती तं माह्या कानावर आलं, म्हने, मानसं राहतात का नुसता कापूस राहते इथं, भिंतीवर एक चित्र नाई व. बाई, काय सांगू, त्या पोरीच्या बापानं नकार देल्ला त्याचं मले काही वाटलं नाई, पन ते बोलनं लागलं मले. कावून की ते खरं होतं. तीस वर्सं राहिली मी या घरात अन् हे घर माह्यं हाय अशी एक निशानी भिंतीवर नाई. त्याच दिवशी पेटी उघडली. पोपट बाहेर काढला. घडीवर पिवळा पडला होता, पन चोच तशीच लाल.

मंग धुंडाळाले लागली मी. आमच्या लग्नाचा फोटो निघाला, काळापांढरा, अकोल्याच्या स्टुडिओतला, त्यात आमचे हे असे उभे जसे पोलिसानं धरून आनले. माह्या मायच्या लुगड्याचा काठ निघाला, जरीचा, बाकी लुगडं विरून गेलं होतं. अन् गजाननच्या सातवीच्या वहीत एक कागद सापडला, त्यानं कोळशानं काढेल बैल. आमचा खरा बैल होता तो, राजा नावाचा, एक शिंग अर्धं तुटेल, अन् पोट्ट्यानं तुटेल शिंगासकट काढला होता. मले माहीतच नवतं गजा चित्र काढे म्हनून. विचारलं तं लाजला, म्हने, फेकून दे ना माय ते.

हे सगळं पिशवीत घालून मी तेल्हाऱ्याले गेली, सलीमभाईकडं. काचा कापनं अन् फ्रेमा बनवनं हा त्यायचा धंदा, बापाचाही तोच होता. लहानसं दुकान, आत लाकडाच्या पट्ट्या उभ्या, अन् बाहेर भिंतीशी फोटो टेकून ठेवेल, ओळीनं, सगळे हार घालाचे. जवान-जवान पोट्टे, कोनाच्या कपाळावर टिकली चिकटवेल, कोनाचा रेशन कार्डावरचा फोटो मोठा करेल. मी पिशवीतून एकेक काढलं. सलीमभाईनं लग्नाचा फोटो हातात घेतला, म्हने, भाभी, ये कब गुजर गये? मी म्हटलं, अहो भाऊ, गुजरले कुठं, वावरात हायेत, तुरीले पानी देऊन राहिले. तं त्या मानसानं स्टूल पुसून माह्यापुढं ठेवलं. मंग म्हने, भाभी, या सीजनमध्ये जित्या मानसाचा फोटो घेऊन येनारी तुमी पहिली. बसा. चाय बोलावतो.

माह्याजवळ पैसे म्हनाल तं दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला होता तेच. मी साफ सांगून देल्लं, भाऊ, नवीन फ्रेमा मले परवडत नाई. त्यायनं माळ्यावरून जुन्या फ्रेमा काढल्या, लोकाईनं बनवाले टाकल्या अन् नेल्याच नाई अशा, कोनाची किनार उडेल, कोनाची काच तडकेल. काचा त्यायनं बदलून देल्ल्या. अन् एक गोष्ट शिकवली, ती मी आजही बाया-मानसाले सांगतो. म्हने, भाभी, घरी गेल्यावर एकदम खिळे नका ठोकू. पहिले खाली सतरंजीवर मांडा सगळं, मोठं मधात, लहान आजूबाजूनं, दूर उभं राहून पाहा, मन भरलं की मंगच हातोडी उचला. अन् लुगड्याचा काठ त्यायनं काळ्या कागदावर असा बसवला की माय गेल्यावर पहिल्यांदा मले वाटलं, हे इथं उभी हाय माय.

घरी आमचे हे भडकले. जित्या मानसाले कावून टांगतं व भिंतीवर, उमर कमी होते. मी म्हटलं, गावात न टांगता किती जनाईची झाली, ते पाहा. तवा उठून वावरात गेले. मंग मी अन् गजानं भिंत खरडली, चुना मारला, अन् जिथं जिथं लोना वर आला होता तिथं तिथं मापानं एकेक फ्रेम बसवली, म्हंजे शोभाही झाली अन् झाकलंही गेलं. कॅलेंडरं होती जुनी, त्यातले डोंगर अन् मोर कापून बाकीच्या फ्रेमात घातले. दिवसभर गेला. संध्याकाळी हे वावरातून आले, दारात चप्पल काढली अन् तिथंच उभे. मंग जेवाले बसले ते भिंतीकडं तोंड करून बसले.

एका ठिकानी मातर माह्याकडून चूक झाली, ते सांगतो, लपवत नाई. माह्ये दीर सुधाकर भाऊजी अकोल्याले राहतात, त्यायनं चौथं स्थळ आनलं होतं. त्यायनं गजाले अकोल्याले बोलावलं, टाय लावला, अन् स्टुडिओत पडद्यापुढं फोटो काढला, मागं बंगला, बाजूनं लाल कार, सगळं पडद्यावरचं. मोठा करून सोनेरी फ्रेममध्ये घेऊन आले. म्हने, वहिनी, हे मधात लावा, बाकी तुमचे पोपट-बिपट बाजूले. गजा म्हने, काका, हे मले नाई पटत. पन मले वाटलं, लावून पाहू, पोट्ट्याचं लग्न तरी होईन. मधातच सगळ्यात मोठा लोना होता, त्याच्यावर तो फोटो बरोबर बसला. अन् मी लावला. मीच लावला.

ते लोक आले. पोरीचे बाप अन् तिचे मामा. मामा चपलीसकट सरळ फोटोपुढं जाऊन उभे, म्हने, वा, गाडी कोनती घेतली? आमच्या ह्यायनं खाली मान घातली. सुधाकर भाऊजी म्हने, असते ती अकोल्याले, इकडं रस्ते खराब हायेत ना. मामा म्हने, अन् बंगला? मंग आतून गजा आला, हातात पान्याचा तांब्या होता तो खाली ठेवला, अन् म्हने, मामा, तो पडदा हाय स्टुडिओतला. गाडी नाई, बंगला नाई, हे घर हाय अन् सहा एकर वावर हाय. असं म्हटलं अन् हात वर करून ती फ्रेम उतरवली. मांगून चुन्याचा एक मोठा पापडा सुटला अन् मामाच्या चपलीवर पडला. आतली ईट दिसली. मी तिथंच उभी, हातात पोह्याच्या बश्या.

ते लोक पोहे न खाता गेले. सुधाकर भाऊजी म्हने, मी आता तुमच्या भानगडीत पडत नाई, अन् वर्सभर बोलले नाई आमच्यासंग. मी रडली. गजा जवळ बसला, म्हने, माय, लग्न झालं असतं अन् ती पोरगी सकाळी उठून कार शोधाले गेली असती तं मी काय सांगतलं असतं व तिले? त्याचं म्हननं बरोबर होतं. ती सोनेरी फ्रेम मी सलीमभाईले नेऊन देल्ली अन् सगळी हकीकत सांगतली. ते हसले नाई. म्हने, भाभी, तुमचा लडका खरा हाय, खऱ्याले वेळ लागते.

मंग सहा-सात महिन्यानं काय झालं, त्यायच्या दुकानात एक पोरगी आली, रेखा नावाची, बाजूच्याच गावची, सायकलनं तेल्हाऱ्याले येऊन ब्लाऊज शिवे. तिनं एक फोटो काढला पिशवीतून, स्वतःचा, शिलाई मशीनवर बसेल. सलीमभाईनं विचारलं, बेटा, ये किसके लिये? तं म्हने, माह्यासाठीच. मशीन माह्या कमाईची हाय, मले भिंतीवर पाह्यजे. सलीमभाईनं कैची खाली ठेवली अन् म्हने, बेटा, तुह्यासारखी एक बाई माह्या ओळखीची हाय, तिची भिंत पाहून ये एकदा.

अन् ती आली पाहा! पाहुनी म्हनून नाई, भिंत पाहाले, सोबत तिची माय. आता पोरगी पोराच्या घरी अशी येते का कुठं? पन आली. चहा घेतला, भिंतीपुढं उभी राहिली, एकेक पाहून राहिली. बैलापाशी थांबली. म्हने, एक शिंग कावून लहान काढलं? गजा दारात होता, म्हने, लहान नाई काढलं, तुटेलच होतं. ती म्हने, मंग तुमी जोडून कावून नाई देल्लं, चित्रातच तं होतं. गजा म्हने, मंग तो राजा नसता राहिला, दुसराच बैल झाला असता. तिनं त्याच्याकडं पाह्यलं. मंग सरळ विचारलं, दारू? तो म्हने, नाई. विहिरीले पानी? म्हने, दिवाळीपर्यंत. मी लग्नानंतर मशीन चालवन, चालन का? तो म्हने, मले तं ब्लाऊज शिवता येत नाई, तुलेच चालवा लागन. तिची माय तोंडाले पदर लावून हसली.

मंग तिनं मधातली ईट उघडी पडेल जागा पाहून विचारलं, इथं कावून काही नाई? मी सांगून टाकलं, कार अन् बंगला अन् टाय अन् मामाची चप्पल, सगळं. तिनं पिशवीतून टेप काढला, शिवनाचा, गळ्यात घालतात तो, अन् त्या जागेचं माप घ्याले लागली, उभं, आडवं. मी म्हटलं, काय करून राहिली व पोरी? तं म्हने, माह्या फोटोचं माप सलीमभाईले अजून देल्लं नाई मी.

पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं, साध्यानं. सुधाकर भाऊजीही आले, बोलले.

आता दहा-बारा वर्सं झाली त्या गोष्टीले. शेती तशीच हाय, कधी देते, कधी नेते. सून मशीन चालवते, दोन पोरी शिकाले ठेवल्या तिनं. नातू हाय. मी आजूबाजूच्या गावात बायाईच्या भिंती लावून देतो, जावाचं-येवाचं भाडं घेतो, बाकी नाई. बाया म्हनतात, काकू, आमच्याकडं लावाले काहीच नाई. मी म्हनतो, पेटी उघड पहिले.

अन् आमचे हे, उमर कमी होते म्हनत होते ना, तेच एक दिवस आपल्या कोटाच्या खिशातून एक फोटो घेऊन आले, मुडपेल, म्हने, हा बी लाव. शंकरपटातला, म्हंजे बैलाईच्या शर्यतीतला होता, जवानीतला. बैलजोडी घेऊन उभे हायेत, फेटा बांधेल, मिशा वर. मले माहीतच नवतं हा फोटो यायनं जपून ठेवला म्हनून. लावला मी, बरोब्बर नजरेसमोर. आता कोनीही घरी आलं की ते हाताले धरून तिथं नेतात अन् सांगतात. पहिल्या वर्सी सांगत, तिसरा नंबर आला होता. मंग दुसरा झाला. यंदा पहिला आला. आता मी तिथं पटावर उभी होती ना बाई, नवी नवरी, माह्या डोळ्यानं पाह्यलं, जोडी पट सोडून सरळ लोकाईच्या ज्वारीत घुसली होती अन् हे मांगून पळून राहिले होते! पन मी मधात बोलत नाई. इतकी वर्सं रगडलं मानसानं, एक नंबर तं त्याचा हाय.

जा, तुमची वाटच पाहून राहिले ते, केव्हाचे फेटा शोधून राहिले. काय सांगतीन ते लिहून घ्या. पहिला नंबर म्हनले तं हो म्हना, माय. देव तुमचं भलं करो.