यादीबाहेरचे सहा बेअरिंग
कोराडीच्या बसची वाट पाहत बसलेल्या कुसुमताईंच्या कानावर शेजारच्या दोघांचं बोलणं पडत होतं. पंपाच्या कारखान्यातले म्हातारे स्टोअरकीपर गुलाबराव आणि फोरमन तुळशीराम.

"बाजूच्या कारखान्यानं कंप्युटर घेतला, म्हणून आपल्या मालकानंबी घेतला. आता त्याले स्टोअरमधल्या वस्तूवस्तूची यादी पाहिजे."

"मग द्या नं, गुलाबराव."

"दिली. पण अडीअडचणीसाठी डब्यात बाजूले ठेवलेले सहा बेअरिंग नाही लिहिले."

"काहून?"

"लिहिले, तर ते संपेपर्यंत कंप्युटर नवे मागवूच देत नाही. मग तूच बोंबलत येशील, मशीन बंद पडली म्हणून."

"हे मात्र खरं. तुमच्या त्या डब्यानं मले किती वेळा वाचवलं."

"आज माही सही घेतली गा. यादीबाहेर स्टोअरमध्ये काहीच नाही म्हणून. उद्या मालकाचे लोक तपासायले येऊन राहिले."

"बापा! मग बेअरिंग कुठं आहेत?"

"या पिशवीत. वीस वर्षांत कारखान्यातला खिळा घरी नेला नाही गा मी."

बस आली. गुलाबराव पिशवी उचलू लागले, तसा तुळशीरामनं तिचा एक बंद धरला आणि दोघं मिळून ती बसमध्ये चढवू लागले.