बत्तीस माणसं बरोबर

जुन्या शहरांच्या सहलीत आम्ही एका मनोऱ्याच्या रांगेत उभे होतो. माझ्यापुढे आमच्या ग्रुपमधली, सासूबरोबर आलेली एक सून एका वयस्कर बाईंशी बोलत होती.

“मावशी, आमच्या बसची गळ्यातली कार्डं निळी आहेत. तुमचं पिवळं कसं?”

“परवा मी चुकून तुमच्या बसमध्ये चढले. एकटी आलेय, त्यामुळे शोधायला कुणी नव्हतं.”

“पण मॅनेजर रोज माणसं मोजतात.”

“मोजतात की. बत्तीस बरोबर भरतात.”

“मग आमचं कोण कमी झालं?”

“तुझ्या सासूबाई. त्या आमच्या पिवळ्या कार्डांच्या बसमध्ये गेल्या.”

“काहीतरीच काय. त्या रुसून शेवटच्या सीटवर बसल्यात.”

“तिथे मी असते, टोपी-मफलर घालून. खोलीची किल्लीसुद्धा तूच माझ्या हातात देतेस.”

“मग काल मी रडून माफी मागितली ती कुणाची?”

“माझीच. म्हणून तर तुझ्या पाठीवरून हात फिरवला.”

“आता काय करायचं?”

“सकाळी त्यांचा खोलीवर फोन आला होता. म्हणाल्या, इथे मजेत आहे, सहल संपेपर्यंत असंच राहू द्या.”

सुनेने बाईंची पिशवी आपल्या खांद्याला लावली.

“चला, आई. पायऱ्या उंच आहेत, माझा हात धरा.”