सकाळी आठची मीटिंग

आमच्या बियाणं कंपनीत सुरक्षेची मीटिंग घ्याचं काम माह्याकडं होतं. बीटी कपाशीले फवारणी लागत नाही असं आम्हीच विकताना सांगत होतो, पण ते जाऊ द्या.

मीटिंग दर सोमवारी सकाळी आठले, बुलढाण्यात. ऑफिसवाले वरच्या मजल्यावरून उतरत, फवारणीवाले उंद्रीच्या कपाशीच्या प्लॉटवरून पहिल्या एसटीनं येत. पहिला नियम मीच वाचून दाखवे, की फवारणी सकाळीच उरका, भर उन्हात करू नका. सगळे मान हलवत, चहा पीत. फवारणीवाले परत प्लॉटवर पोचेपर्यंत बारा वाजत.

एका सोमवारी आमचे रफिकभाई भरदुपारी कपाशीत फवारता फवारता चक्कर येऊन पडले. साहेबांनी मलेच झापलं, "त्याले नियम सांगतला नव्हता काय?"

सांगतला होता. त्याच दिवशी सकाळी.

दवाखान्यातून सुटल्यावर पुढच्या मीटिंगमध्ये रफिकभाई उभे राह्यले. "साहेब, सकाळ मीटिंगमध्येच जाते, म्हणून फवारणी दुपारी होऊन राह्यली. मीटिंगच दुपारी ठेवा ना."

साहेबांनी वरच्या पंख्याकडं पाह्यलं.

"दुपारी लाईट नसते, रफिकभाई. एवढ्या उन्हाचं माणसानं इथं बसावं कसं?"