आयझिरेकची जांभळी रबरं

अध्यक्षस्थानी असलेले आदरणीय कुबातबेक ओमुरोविच, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आज आपलं अर्धं नारिन शहर या सभागृहात जमलं आहे त्या आपल्या सत्कारमूर्ती डॉक्टर जिपारकुल सुल्तानोव्ना, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी बुर्माकान. लोकर रंगवते, ती थापून नमदे, म्हणजे जाड गालिचे करते. भाषण हा माझा प्रांत नव्हे. पण ज्यांना आम्ही सगळे एजे, थोरली ताई म्हणतो, त्या आपल्या दातांच्या डॉक्टरांना निरोप द्यायचा आणि आपण कोपऱ्यात मुकाट बसायचं, हे कसं शोभावं?

दोन वर्षांपूर्वी एजेंनी माझ्या धाकटीच्या, आयझिरेकच्या दातांना तारा लावल्या. तिचे वरचे दात एकमेकांवर चढलेले. घास नीट चावता यायचा नाही. तारांवर बसवायची इवली रबरं कुठल्या रंगाची हवीत, असं एजेंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, बिनरंगी. कुणाला दिसायलाच नकोत. चहानं ती पिवळी पडतील, असं एजेंनी समजावलं. पण पंधरा वर्षांच्या पोरीला लपायचं असलं की ती कुणाचं ऐकते?

आणि बिनचहाचं घर नारिनमध्ये कुठून आणायचं? त्यात तिच्या काकाकडे लग्न निघालं. गाजरं घातलेला तेलकट पुलाव दोन्ही वेळा. रबरं पिवळीधमक झाली. शाळेत मुलं म्हणाली, "आजीचे सोन्याचे दात उसने आणलेस काय गं?"

तेव्हापासून पोरीचा हात तोंडावरून निघेना. नवरोजला चौकात एकटीनं गाण्यासाठी तिची निवड झाली होती. तालमीत ती ओठ मिटून गाऊ लागली. आवाज दातांच्या आतच राहतोय, असंच चाललं तर दुसरी मुलगी उभी करावी लागेल, असं गाण्याच्या बाईंनी सांगितलं. घरी येऊन ती मला म्हणाली, "आई, या तारा काढून टाक. राहू देत दात वाकडे."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी दवाखाना गाठला. एजेंनी तिच्या हातात आरसा दिला, खिडकीशी नेलं आणि रबरांचा गुच्छ तिच्या दातांशी धरला. आता मी रंगांवर पोट भरणारी बाई, गप्प कशी बसणार? म्हटलं, लाल लावा. तर हिरडीतून रक्त आल्यासारखं दिसेल म्हणे. हिरवा? कोथिंबीर अडकल्यासारखा. काळा? दात किडल्यासारखे. पांढऱ्याशेजारी तर दातच पिवळे दिसतात. मी पुढचा रंग सुचवणार, तोच एजे म्हणाल्या, "बुर्माकान, तू बाहेर जाऊन चहा घे बघू."

हसताय ना? मला खोलीबाहेर काढलं होतं हो!

आत काय झालं ते लेकीनं मागाहून सांगितलं. एजे तिला म्हणाल्या, "तुला लपायचंय की शोभून दिसायचंय, ते आधी ठरव. लपायचं असेल तर माझ्याकडे रंग नाही. शोभायचं असेल तर गडद घे, त्याच्याशेजारी दात उजळ दिसतात." मग एका बाजूला गडद निळी, दुसऱ्या बाजूला जांभळी रबरं बसवली आणि सांगितलं, बोल, हस, गा, आणि तुझं तूच बघ. मी बाहेर चहाचा पेला घेऊन बसले होते. आतून गाणं ऐकू आलं. आधी दबकत, मग मोकळं. चहा तसाच निवून गेला.

ती जांभळी रबरं लावून बाहेर आली.

नवरोजच्या दिवशी ती गायला उभी राहिली, तोच पुढे बसलेली एक चिमुरडी ओरडली, "ताईचे दात जांभळे!" गर्दी हसली. आयझिरेकचा हात तोंडाकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला.

"आवडले का?" तिनं विचारलं.

"हो. मलापण हवेत."

मग ती गायली. त्या दिवशी चौकात असलेल्यांना मी वेगळं काय सांगू? सध्या ती बिश्केकला गाणंच शिकते आहे. दात सरळ आहेत, आणि हसते तेव्हा सगळे दिसतात.

मी उभी राहिल्यापासून आपण माझ्या तोंडाकडे बघताय, ते माझ्या ध्यानात आलं आहे. तर सांगूनच टाकते. माझेही दात वेडेवाकडे. उभा जन्म मी डोक्यावरच्या रुमालाचं टोक ओठांवर धरून हसले. लेकीच्या तारा निघाल्या, त्या दिवशी एजे माझ्याकडे वळल्या. "आता तुझं काय?" मी म्हटलं, एजे, या वयात? त्या म्हणाल्या, "अजून चावायचं पुष्कळ आहे तुला." गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हातानं मला तारा लावल्या. पुढचं आपले नवे डॉक्टर एल्दियार बघतील. रबरं गडद निळी आहेत; मागच्या रांगेतून दिसत नसतील, तर कार्यक्रमानंतर जवळ येऊन पाहा. मी हसून दाखवीन.

एजे, ओशला लेकीकडे सुखानं राहा. तिथे थंडी कमी, जर्दाळू गोड. पण आम्हाला विसरू नका. अध्यक्षमहोदय, माझ्यासारखीला आपण इथं उभं केलंत, आपले आभार. सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, तुमचेही आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, एखाद्या 'स'चा 'श' झाला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. माझ्या जिभेला तारांची अजून सवय व्हायची आहे.