नर्सबाईचं नाव

तुम्हाला हसू येईल, पण तेव्हा माझी झोप उडाली होती, कारण आमची मुलगी तीन वर्षांची झाली तरी कोणाला आपलं नाव सांगत नव्हती.

नाव यांनी ठरवलेलं. बोटीवर कारकून असताना हे फ्रान्समध्ये आजारी पडले. ज्या नर्सने यांना वाचवलं, तिचं नाव झनव्हिएव्ह. बारशाला वन्सं मुरुडहून आल्या, बाळाच्या कानात ‘कुर्र’ म्हणाल्या आणि नाव उच्चारताना अडल्या. पाळण्यापाशी सुरू झालेलं भांडण तीन वर्षं चाललं.

एके दिवशी शेजारच्या बारशात कोणीतरी हिला नाव विचारलं, तर ही गप्प. घरी येताच यांनी तिला पुढ्यात घेतलं.

“म्हण, झनव्हिएव्ह.”

“अहो, इंग्रजी पुस्तकात जेनेव्हीव्ह म्हणतात,” मी म्हटलं. चार इयत्ता इंग्रजी शिकल्याचा हा परिणाम.

“नर्स स्वतःचं नाव चुकीचं सांगेल?”

“तापात तू काय ऐकलंस कोण जाणे,” सासूबाई यांना म्हणाल्या. “जनी म्हणा आणि मोकळे व्हा. अशाने पोरगी मुकी होईल.”

मला तीच धास्ती होती. शेवटी थकून मी म्हटलं, “बाळ, तूच सांग गं.”

तिने कोपऱ्यातली चिंध्यांची बाहुली उचलली, बारशात पाहिलं होतं तसं तिच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ केलं आणि आमच्याकडे वळून म्हणाली,

“हिचं नाव गंगू. आता कोणी भांडायचं नाही.”